बॅकअप बंद न करता प्रोसेसर शांत केला, त्याची हकिगत

मे महिन्यात दुपारी दोन वाजता अमळनेरच्या आमच्या कार्यालयात कूलरच्या घरघरीपुढे दुसरा कोणताही आवाज ऐकू येत नाही. त्यामुळे टेबलाखालच्या संगणकाचा पंखा पूर्ण वेगाने फिरत आहे, हे मला कित्येक दिवस कळलेच नव्हते. एके दिवशी वीज गेली, कूलर थांबला, त्याच्या ताट्यांवरून पाणी ठिबकल्याचा आवाज तेवढा उरला आणि त्या शांततेत टेबलाखालून एक चढा, सलग आवाज येऊ लागला. समोर अप्पा बसले होते. त्यांचा सरकीचा आणि कापसाच्या गाठींचा व्यापार आहे आणि आमच्याकडे हिशेब ठेवायला देणाऱ्यांमध्ये ते सर्वांत जुने आहेत. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि विचारले, "भाऊ, हाई मशीन काबर इतलं वरडी राहिनं?"

त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पडद्यावर हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि पावतीची एक स्कॅन केलेली प्रत एवढेच उघडे होते आणि एवढ्या कामासाठी पंख्याने असा आवाज करण्याचे काही कारण नव्हते. दुसरी गोष्ट त्याच दुपारी लक्षात आली. वीज गेल्यावर आमचा यूपीएस एरवी वीस-बावीस मिनिटे निभावून नेतो, तो त्या दिवशी बाराव्या मिनिटालाच धोक्याची सूचना देऊ लागला. बॅटरी गेल्या दिवाळीतच बदललेली होती. रिकामा बसलेला प्रोसेसर आपली गती आणि विद्युतदाब उतरवून अगदी थोड्या वॅटवर भागवतो, पण त्याच प्रोसेसरवर सतत काम पडले की त्याची विजेची भूक कित्येक पटींनी वाढते आणि ती यूपीएसच्या बॅटरीतूनच भागवावी लागते. बारा मिनिटांवर आलेला यूपीएस हे या दुखण्याचे खरे लक्षण होते आणि ते मी बॅटरीच्या माथी मारायला निघालो होतो.

लक्षणे आधीपासून होती, फक्त ती मी वेगवेगळी धरली होती. आमच्याकडे नोंदी करणाऱ्या ताईंनी आठवडाभर आधीच सांगितले होते, "दादा, मी टाइप करून हात उचलते, तेव्हा अक्षरं मागून येतात." मी त्याचा दोष उन्हाळ्यावर टाकला. तो अगदीच निराधार नव्हता, कारण पारा ४४-४५ अंशांवर गेला की खोलीतली हवाच इतकी तापलेली असते की पंखा तीच गरम हवा आत ओढतो, आणि प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत तापला की स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो. म्हणून मी संगणक उघडून ब्लोअरने धूळ काढली आणि प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा, वाळलेला थर्मल पेस्ट बदलून घेतला. तापमान उतरले, पण काम हलके झाले नाही. थंड ठेवण्याची सोय सुधारल्याने उष्णता लवकर बाहेर पडते, मात्र ती निर्माण का होत आहे हा प्रश्न तसाच राहतो, हे मला तेव्हा नीट उमगायला हवे होते.

त्या संध्याकाळी वीज आल्यावर मी टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता प्रोग्राम किती प्रोसेसर वापरतो ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की तो उघडतो. त्यात प्रोसेसरच्या स्तंभावर टिचकी मारली की सर्वांत जास्त काम करणारा प्रोग्राम वर येतो. सर्वांत वर फाइलींच्या प्रती आपोआप काढून ठेवणाऱ्या आमच्या बॅकअप सॉफ्टवेअरची पार्श्वभूमीला चालणारी सेवा होती आणि तिच्या खालोखाल अँटिव्हायरस होता. दोन्ही मिळून निम्म्याहून अधिक प्रोसेसर व्यापलेला होता.

इथे एक आकडा नीट वाचावा लागतो. टास्क मॅनेजर जी टक्केवारी दाखवतो, ती सर्व कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, मिळून असते. आमच्या प्रोसेसरला चार कोअर आहेत आणि तो एका वेळी चारच धागे, म्हणजे कामाचे चारच प्रवाह, चालवतो. म्हणजे एखादा प्रोग्राम २५ टक्क्यांच्या आसपास अडकून बसला असेल, तर त्याने एक संपूर्ण कोअर गिळलेला असतो. २५ हा आकडा वाचताना किरकोळ वाटतो, पण त्याचा अर्थ किरकोळ नसतो. त्याहून महत्त्वाचा असतो आलेखाचा आकार. खरोखर काम करणारा बॅकअप चढतो आणि उतरतो, कारण कधी तो डिस्कवरून वाचण्याची वाट पाहतो, कधी इंटरनेटवरून पाठवण्याची. आमच्याकडची रेघ मात्र तासन्तास आखल्यासारखी सरळ होती. असा सपाट आलेख दिसला की प्रोग्राम एखाद्या चक्रात सापडला असावा, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

पुढे जाण्यापूर्वी मी त्या नावावर उजवी टिचकी मारून फाइलचे ठिकाण उघडून पाहिले. ओळखीच्या सॉफ्टवेअरशी मिळतेजुळते नाव घेऊन प्रोसेसर राबवणारे घातक प्रोग्राम असतात, म्हणून ही फाइल मूळ सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये आहे आणि तिच्यावर त्या कंपनीची डिजिटल सही आहे, याची खात्री करून घेणे मला आवश्यक वाटते. आमची फाइल अस्सल निघाली.

दुसऱ्या दिवशी अप्पा पुन्हा आले, तेव्हा मी त्यांना आवाजाचे कारण सांगितले. त्यांनी लगेच उपाय सुचवला, "बंद करी टाक ना मंग!" हा उपाय सर्वांत सोपा आहे आणि अशा वेळी बहुतेक लोक तोच करतात. त्यांना मी जे उत्तर दिले, ते इथेही लिहितो. काही वर्षांपूर्वी आमच्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क खटखट आवाज करत एका सकाळी बंद पडली. शेवटची प्रत दोन महिन्यांपूर्वीची होती. बिलांचे गठ्ठे उघडून, एकेक पावती पुन्हा वाचून, त्या दोन महिन्यांच्या नोंदी नव्याने करायला आम्हाला तीन आठवडे लागले आणि त्यातल्या एका जिनिंगच्या हिशेबात राहिलेला फरक शोधताना झालेला मनस्ताप मला अजून आठवतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. ही जबाबदारी व्यापाऱ्याची असते, पण त्याची कागदपत्रे आमच्या संगणकात असतात. म्हणून बॅकअप थांबवणे हा माझ्या मते उपायच नव्हे. तो इतका का राबतो आहे, हे शोधणे हाच उपाय.

बॅकअप म्हणजे फाइल उचलून दुसरीकडे ठेवणे, एवढाच आपला समज असतो. प्रत्यक्षात हे सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल वाचते, तिचे तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे एक प्रकारचा ठसा, गणिताने काढते, तो आधीच्या ठशांशी ताडून पाहते, बदललेला तुकडा दाबून लहान करते, किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा कुलूपबंद करते आणि मग पाठवते. यातला कुलूपबंद करण्याचा भार आता फारसा जाणवत नाही, कारण २०१० नंतर आलेल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये त्यासाठी वेगळ्या सूचना बसवलेल्या असतात. खरा भार पडतो तो दाबून लहान करण्याचा. आमच्याकडची बहुतांश सामग्री म्हणजे स्कॅन केलेल्या बिलांच्या पीडीएफ आणि जेपीईजी फाइली, आणि त्या मुळातच दाबलेल्या असतात. त्यांच्यावर सर्वोच्च पातळीचे कॉम्प्रेशन लावले तरी जागा जवळजवळ वाचत नाही, प्रोसेसर मात्र पूर्ण श्रम करतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही पातळी "कमाल" ठेवलेली होती. ती मी सर्वांत खाली आणली.

त्याने थोडा फरक पडला, पण सरळ रेघ हलली नाही. तेव्हा मी प्रोसेस मॉनिटर हे साधन घेतले. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्स या संचातले हे साधन असून हा संच २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे आला. तो मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतो. संगणकावर कोणता प्रोग्राम कोणत्या क्षणी कोणती फाइल उघडतो, वाचतो, लिहितो, हे सारे तो ओळीने नोंदवतो. या नोंदी मिनिटभरात लाखांच्या घरात जातात आणि त्या वाचणे हेच मोठे काम होऊन बसते, म्हणून आधी फक्त बॅकअपच्या सेवेच्या नावाची चाळणी लावावी, अर्ध्या मिनिटाने नोंदणी थांबवावी आणि मग निवांतपणे वाचावे. त्याच्या टूल्स या यादीत फाइलवार गोषवारा काढण्याची सोय आहे. कोणत्या फाइलला किती वेळा हात लागला, हे त्यात एका दृष्टिक्षेपात दिसते.

गोषवारा उघडला आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. वर हिशेबाची फाइल असेल, बिलांचा मोठा फोल्डर असेल, अशी माझी अपेक्षा होती. वर होती बॅकअप सॉफ्टवेअरची स्वतःचीच लॉग फाइल, म्हणजे केलेल्या कामाची त्याची नोंदवही. तिच्या खाली त्याच सॉफ्टवेअरचा छोटासा डेटाबेस होता. अर्ध्या मिनिटात या दोन फाइलींना हजारो वेळा हात लागला होता आणि व्यापाऱ्यांच्या फोल्डरांना जेमतेम काही वेळा. मी मूळ नोंदी वर-खाली करून पाहिल्या. क्रम न चुकता तोच होता: लॉगमध्ये एक ओळ लिहिली, लॉग फाइल बदलल्याची सूचना आली, ती फाइल वाचली, ठसा काढला, डेटाबेसमध्ये नोंद केली, ती नोंद केल्याचे पुन्हा लॉगमध्ये लिहिले.

झाले होते असे. फेब्रुवारीत सी ड्राइव्ह भरत आला, म्हणून या सॉफ्टवेअरचे कामकाजाचे फोल्डर मी डी ड्राइव्हवर हलवले होते. बॅकअप घ्यायचा होता तो संपूर्ण डी ड्राइव्हचा. आणि सॉफ्टवेअर "सतत" या पद्धतीवर ठेवलेले होते, म्हणजे कोणतीही फाइल बदलल्याची सूचना विंडोजकडून मिळताच तिची प्रत घ्यायची. या तिन्ही गोष्टी एकेकट्या निरुपद्रवी आहेत. तिन्ही एकत्र आल्यावर मात्र मोटेचे पाणी पाटात न जाता पुन्हा विहिरीतच पडावे आणि बैल दिवसभर धावेवर फिरत राहावेत, तशी प्रोसेसरची अवस्था झाली. बाहेरची हार्ड डिस्क एप्रिलपासून इतक्या लवकर का भरत चालली होती, याचाही उलगडा त्याच संध्याकाळी झाला, कारण त्या लॉग फाइलच्या असंख्य आवृत्त्या तिच्यावर साठत होत्या.

ते फोल्डर मी बॅकअपमधून वगळले, सेवा थांबवून पुन्हा सुरू केली आणि टास्क मॅनेजरकडे पाहत बसलो. सुरुवातीची दोन-तीन मिनिटे आलेख वरच राहिला, कारण सुरू झाल्यावर सॉफ्टवेअर सर्व फाइलींची यादी एकदा तपासून घेते. मग तो खाली आला आणि खालीच राहिला.

अँटिव्हायरसचा भार त्याबरोबर आपोआप कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. बॅकअप जी फाइल वाचायला उघडतो, ती उघडल्याक्षणी अँटिव्हायरसही तपासतो, त्यामुळे बॅकअपच्या प्रत्येक श्रमाचे अँटिव्हायरसमध्ये प्रतिबिंब पडते. यावर हिशेबाचे फोल्डरच अँटिव्हायरसमधून वगळा, असा सल्ला मला एका परिचिताने दिला. तो मी मानला नाही आणि कोणी मानू नये, असे मला कळकळीने वाटते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरच्या संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या होत्या. असे प्रोग्राम हल्ला करतात तो नेमका अशाच फोल्डरांवर. वगळायचेच असेल तर फोल्डर न वगळता बॅकअपची एकच प्रक्रिया, म्हणजे त्याचा चालू असलेला प्रोग्राम, वगळावी. मग तिने उघडलेल्या फाइली त्या वेळी तपासल्या जात नाहीत, मात्र दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामने त्याच फाइलीला हात लावला तर तपासणी होतेच. मी तेवढेच केले.

प्राधान्य कमी करण्याच्या उपायाबद्दलही लिहायला हवे, कारण तो सर्वत्र सुचवला जातो. टास्क मॅनेजरमधून एखाद्या प्रक्रियेचे प्राधान्य "सामान्याहून कमी" करता येते, पण ती प्रक्रिया पुन्हा सुरू झाली की ते पूर्ववत होते, म्हणून सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये तशी सोय असेल तर तिथेच करावे. त्याचा गुण एवढाच की हिशेबाच्या सॉफ्टवेअरला प्रोसेसर हवा असेल तेव्हा बॅकअप बाजूला सरकतो आणि ताईंची अक्षरे मागून येत नाहीत. पण प्रोसेसर रिकामा असेल तर कमी प्राधान्याची प्रक्रियासुद्धा तो पूर्ण वापरते. टक्केवारी तशीच राहते, पंखा तसाच फिरतो आणि यूपीएस तसाच बारा मिनिटांत संपतो. चक्रात सापडलेल्या प्रोग्रामचे प्राधान्य कमी केले असते, तर दुखणे फक्त डोळ्यांआड झाले असते.

हिशेबाच्या मूळ फाइलींचा प्रश्न वेगळा होता. दिवसभर प्रत्येक नोंदीगणिक त्या बदलतात आणि "सतत" पद्धतीत प्रत्येक बदलानंतर त्या पुन्हा वाचल्या जातात. म्हणून मी व्यवस्था विभागली. बिलांच्या आणि पत्रांच्या फोल्डरांसाठी सतत पद्धत ठेवली, कारण तिथली फाइल एकदा आली की सहसा बदलत नाही. हिशेबाच्या फाइलींची प्रत दुपारी दीड वाजता, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, आणि रात्री साडेआठला घ्यायची ठरवली. उघड्या फाइलींची सुसंगत प्रत घेण्यासाठी विंडोजमध्ये शॅडो कॉपी ही सेवा असते. ती ठीक चालली आहे का, हे प्रशासक म्हणून कमांडची खिडकी उघडून "व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स" ही आज्ञा इंग्रजीत दिली की कळते. आमच्याकडे सर्व घटक स्थिर आणि त्रुटीविना दिसले.

दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरायची असतात. त्या आधीचे दोन दिवस दुपारची प्रत मी पुढे ढकलतो, रात्रीची मात्र कधीच नाही.

दुसऱ्या संगणकावरही त्याच आठवड्यात नजर टाकली. तिथे आलेख सपाट नव्हता, दर पाच मिनिटांनी उसळी मारत होता. बॅकअपच्या लॉगमध्ये एकाच फाइलीचे नाव पुन्हा पुन्हा "अयशस्वी" म्हणून येत होते. पेढीचे नाव, वर्ष, महिना, पुरवठादाराचे संपूर्ण नाव आणि पत्ता असे एकात एक फोल्डर करत गेल्याने त्या फाइलीचा पूर्ण मार्ग २६० अक्षरांच्या पुढे गेला होता आणि विंडोजमधल्या अनेक प्रोग्रामांना आजही ही मर्यादा ओलांडता येत नाही. सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी नव्याने प्रयत्न करत होते. फोल्डरांची नावे छोटी केली आणि उसळ्या थांबल्या. इथे प्रोसेसरच्या त्रासापेक्षा मला अस्वस्थ केले ते दुसऱ्याच गोष्टीने: ती फाइल इतके दिवस बॅकअपमध्ये नव्हतीच. पडद्याच्या कोपऱ्यातले हिरवे चिन्ह मात्र सर्व ठीक असल्याचे सांगत होते.

म्हणून शनिवारी, व्यापाऱ्यांची वर्दळ कमी झाल्यावर, मी एक काम केले जे खरे तर दर तिमाहीला करायला हवे. अप्पांच्या पेढीचा संपूर्ण डेटा बॅकअपमधून एका वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणला, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो स्वतंत्र पेढी म्हणून उघडला आणि मूळ तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिल्लकांची यादी, शेजारी ठेवून ताईंनी आणि मी ओळीने आकडे वाचले. त्या मूळ वाचत होत्या, मी परत आणलेले. सरकीचे खाते, गाठींचे खाते, हमाली, मार्केट फी, बँक, अखेरपर्यंत पैशालाही फरक आला नाही.

गेल्या सोमवारी दुपारी पुन्हा वीज गेली. यूपीएस एकविसाव्या मिनिटाला बोलला. दुसऱ्या संगणकावर गुरुवारी ताई आठवड्याची सर्व बिले एकदम स्कॅन करतात, तेव्हा अजूनही दहा-पंधरा मिनिटे पंख्याचा आवाज वाढतो आणि आलेख चढ-उतार करत ७० टक्क्यांपर्यंत जातो. ते नव्या फाइलींचे खरे काम आहे, त्यामुळे तिथे मी काहीही बदललेले नाही.